बुवा चौथ्या प्रूफातही दुरुस्त्या काढतात, काय करावं?

साताऱ्याहून विचारलंय: बंदिशींचं साठ पानी पुस्तक नोटेशनमध्ये, म्हणजे स्वरलिपीत, छपाईसाठी लावून दिलं, चौथं प्रूफ चाललंय, बुवा रोज नवी दुरुस्ती पाठवतात आणि उरलेले पैसे काढत नाहीत. काम सोडावं का?

सोडू नका. आधी दुरुस्त्यांची फोड करा. हस्तलिखितात आहे आणि तुमच्याकडून चुकलं, ते कितीही वेळा फुकट. हस्तलिखितात नव्हतंच, नंतर सुचलं, त्याचे पैसे. पान क्रमांकासकट हे कागदावर मांडल्याशिवाय पैशाचा विषय काढू नका. सांगलीत इतकी वर्षं हेच काम करतोय, बरीच भांडणं इथंच मिटतात.

उरतात ती चिन्हांची. पेटी शिकवणारे एक सर मला फोनवर म्हणाले, "सगळी टिंबं उलटी लावलीत तुम्ही." मी तर वहीवरून हुबेहूब उतरवलं होतं. राग आला, पण वही घेऊन मिरजेला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पेटी पुढं ओढली, स्थायीच्या, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागाच्या, ओळीवर बोट ठेवलं आणि वाजवू लागले. माझ्या पानावर ज्या 'नी'च्या डोक्यावर टिंब होतं, तो त्यांनी मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, वाजवला. ती पानं त्यांच्या गुरूंच्या वहीतली, पलुसकर पद्धतीची, म्हणजे विष्णु दिगंबर पलुसकरांच्या स्वरलिपीतली. त्या पद्धतीत वरचं टिंब मंद्राचं, तार म्हणजे वरच्या सप्तकाला उभी रेघ. सरांनी भर घातलेली पानं भातखंडे पद्धतीत, ती दुसरी स्वरलिपी, तिथं वरचं टिंब तार सप्तकाचं. पलुसकर कुरुंदवाडचे, शिकले मिरजेत. आपल्या भागातल्या जुन्या वह्यांत हे निघणारच. विचारायला हवं होतं मी, आणि विचारलं नव्हतं.

तेव्हापासून पुस्तकातलं सगळ्यात अवघड पान आधी लावतो. मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं), कण (मुख्य स्वराला लागून येणारा निसटता स्वर), दुगुण (दुप्पट लय) सगळं असलेलं. वर चिन्हांचा खुलासा, खाली ज्यांचं पुस्तक त्यांची सही. मग एक तृतीयांश पैसे आगाऊ, एक तृतीयांश पहिल्या प्रूफाला, बाकीचे छपाईची फाइल देण्याआधी. दोन प्रूफं दरात, पुढं पानामागे आकार. दुरुस्त्या लाल पेनानं छापील प्रतीवरच घेतो. व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवलेला "तो रे कोमल करा" यातला रे कुठला, हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

आणि बुवांना एकदा शेजारी बसवा. त्यांच्या लेखी तो एक कणस्वर असतो. तो घातला की मात्रेची रुंदी बदलते, खालचे बोल सरकतात, तालातल्या सम-खालीच्या रेघा पुन्हा जुळवाव्या लागतात. डोळ्यांदेखत ओळ हललेली पाहिली की बहुतेकांचा सूर बदलतो. ही माणसं आडमुठी नसतात, आयुष्यभराची विद्या कागदावर चुकीची जाईल याची त्यांना धास्ती असते.

या रविवारी हस्तलिखित आणि चारही प्रूफं घेऊन त्यांच्याकडे जा. जिथं वाद आहे ती ओळ गाऊन दाखवायला सांगा, आणि फोनवर रेकॉर्ड करून घ्या.