युरेनस बघायचा आहे? मग आधी बायनॉक्युलर घे

दुर्बीण विकत घ्यायची घाई करू नकोस. १० बाय ५० चा (दहापट मोठं दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगांचा) बायनॉक्युलर आणि चांगला नकाशा एवढ्यावर युरेनस सापडतो. सध्या तो वृषभ राशीत आहे, त्यामुळे हिवाळ्यात त्याच राशीतल्या कृत्तिका तारकापुंजापासून शोध सुरू कर. तो ताऱ्यासारखाच दिसेल, म्हणून आसपासच्या ठिपक्यांचं चित्र वहीत काढ आणि आठवड्याभराने पुन्हा बघ. जो सरकला, तो ग्रह. मोठ्या दुर्बिणीतून शंभरपट मोठा करून बघितलास, तर चिमुकली हिरवट-निळी चकती दिसेल. वातावरणातला मिथेन तांबडा प्रकाश शोषून घेतो, त्याचा हा रंग.

वाचायला लागशील तेव्हा एक लक्षात ठेव: या ग्रहाजवळून आजवर एकच यान गेलं आहे, व्हॉयेजर २, तेही २४ जानेवारी १९८६ ला धावती भेट देऊन. आपली बरीचशी माहिती तिथलीच आहे. त्या वेळी सौर वाऱ्याच्या, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताच्या, जोरामुळे ग्रहाचं चुंबकावरण (त्याच्या चुंबकीय क्षेत्राचं भोवतालचं कवच) नेहमीपेक्षा दबलेलं होतं, हे २०२४ मध्ये जुन्याच नोंदी पुन्हा तपासताना कळलं! तेव्हा ‘युरेनस असाच असतो’ असं ठामपणे लिहिलेलं दिसलं, की ते कोणत्या वर्षीच्या निरीक्षणावरून आहे ते आधी बघ.

आणि युरेनसच्या कड्यांच्या १९७७ मधल्या शोधाबद्दल जरूर वाच. ग्रह एका ताऱ्यासमोरून जाताना तारा ग्रहाआड जाण्याआधी आणि बाहेर आल्यावरही त्याचा प्रकाश क्षणभर मंदावला, त्यावरून कडी सापडली. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतूनही तो प्रसंग टिपला गेला होता.