घरी व्हिडिओ एडिटिंगसाठी असेंबल्ड पीसी घ्यावा की ब्रँडेड?

असेंबल्डच घ्या, म्हणजे सुटे पार्ट निवडून दुकानदाराकडून जोडून घेतलेला. माझ्या जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपचा एसएमपीएस (आतल्या पार्टना वीज पुरवणारा डबा) उडाला. नवा आणला, तर बसेचना! बाजारातल्या नेहमीच्या एटीएक्स (म्हणजे स्टँडर्ड मापाच्या) सप्लायला २४ पिनांचा कनेक्टर असतो, माझ्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) भलताच छोटा सॉकेट होता. शेवटी कंपनीचाच मागवला, दुप्पट पैसे मोजून. असेंबल्डमध्ये ही भानगड नाही. त्याला नेहमीचा एसएमपीएस चालतो, आणि मुंबईत असाल तर तो लॅमिंग्टन रोडवर कॉम्प्युटर पार्टच्या दुकानांत सहज मिळतो. फक्त एसएमपीएसवर काटकसर करू नका, स्वस्तातलं कोटेशन देणारा हमखास तिथेच हात मारतो. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या, कारण वॉरंटी ज्याची त्याची वेगळी. बिघाड नेमका कशात आहे हे शोधत बसायचा कंटाळा असेल, तर मात्र ब्रँडेड आणि ऑनसाइट वॉरंटी (कंपनीचा माणूस घरी येऊन दुरुस्ती करतो ती) बरी.