दोष कुणाच्या माहेरचा?

"आम्हाला दोघांनाही कसला त्रास नाही. घराण्यात असला आजार कुणी ऐकला नाही. मग लेकराला थॅलेसेमिया आला कुठून?" थॅलेसेमिया म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार; निदानानंतरच्या पहिल्या भेटीत हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ घरातलं कुणीतरी सुनेकडे बोट दाखवतं.

परभणी जिल्ह्यातल्या या कुटुंबातही तेच झालं (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). बाळ नऊ महिन्यांचं, पांढरंफटक, पोट फुगलेलं, हिमोग्लोबिन ४.८. पाचव्या महिन्यापर्यंत छान खेळत होतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन तोवर पुरतं. ते ओसरलं की उणीव उघडी पडते. आजी म्हणाली, "आमच्याकडं असलं काही नाही. हिच्या माहेरचं आलंय हे."

सुनेच्या फाइलमध्ये गरोदरपणातला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट होता. हिमोग्लोबिन १०.२ ला पेनाने गोल केलेला, खाली लोहाच्या गोळ्या. त्याच कागदावर एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६२ आणि लाल पेशी ५५ लाख, म्हणजे ५.५ दशलक्ष, तिकडे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात आणि सहसा संख्याही घटते. इथे पेशी लहान, पण संख्या भरपूर. ६२ ला ५.५ ने भागलं की ११ च्या आसपास येतं. हा आकडा १३ च्या खाली असेल तर थॅलेसेमिया मायनरची (दोष अंगात आहे, पण आजार नाही) शंका घेऊन एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी करावी. दोन मिलिलिटर रक्त लागतं, उपाशीपोटी जावं लागत नाही. या जोडप्यात एचबीए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) तिचं ५.४ टक्के, त्याचं ५.१, साडेतीनच्या वर म्हणजे बहुधा मायनर. मायनर माणूस शेतात राबतो, म्हातारा होतो, त्याला कळतही नाही.

जोडपं मामे-आतेभावंडं. मामाची मुलगी करणं आपल्याकडे नवलाचं नाही. कागदावर वंशावळ काढताना आजी आणि सुनेचे वडील एकाच रेषेखाली आले, तशी आजी थांबली. "म्हंजी माझ्याच आईबापाकडून?" बहुधा तसंच. सुनेचं माहेर हेच आजीचं माहेर होतं. नंतर आजीची तपासणी झाली, तीही मायनर निघाली. नात्याबाहेर सोयरीक केली म्हणून सुटका होते असं मात्र नाही. दोन अनोळखी मायनरही एकत्र येऊ शकतात.

दोघांच्याही ओंजळीत ज्वारीचे दोन-दोन दाणे समजा, एक चांगला, एक किडका. लेकरू प्रत्येकाकडून एकेक उचलतं. दोन्ही किडके येण्याची, म्हणजे थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक, आणि ती दर गरोदरपणात नव्याने तेवढीच. "एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली" हा हिशेब चुकीचा, आणि तो महागात पडतो. पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीच दोघांची डीएनए तपासणी करून ठेवावी. मग दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेच्या नमुन्यावरून बाळाचं कळतं. पाचव्या महिन्यात धावपळ सुरू केली तर निर्णयाला वेळ फार कमी उरतो.

घरच्यांना आता काहीतरी करायचं होतं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर, बॅनर, शंभर बाटल्या. हेतू चांगला, पण लाल पेशी टिकतात जास्तीत जास्त ४२ दिवस. बाळाला दर तीन आठवड्यांनी रक्त लागणार, म्हणजे वर्षाला सतराएक वेळा. एका दिवसाच्या शंभर पिशव्यांपेक्षा वर्षभर पाळीपाळीने देणारी वीस माणसं जास्त कामाची; पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. त्यातली निम्मी एप्रिल-मेसाठी राखून ठेवावीत. कॉलेजं बंद, ऊन मरणाचं, शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढीचा फ्रिज रिकामा. काकाने स्वतःचं रक्त बाळालाच द्यायचा हट्ट धरला, तो सोडायला लावला: पुढे आजार बरा करायला अस्थिमज्जा बसवायची ठरली आणि भावंडाची किंवा घरातल्या कुणाची जुळली, तर आधी दिलेलं घरचंच रक्त आड येऊ शकतं. त्याने ते दुसऱ्या रुग्णासाठी द्यावं. आणि 'रक्त कमी' म्हणून बाळाला लोहाचं टॉनिक पाजू नये. प्रत्येक पिशवीतून दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह अंगात जातं, तेच पुढे काढायला औषध लागतं.

शिबिर ठरलं, तपासणी मात्र अडली. आजीच्या भावंडांची अकरा नातवंडं लग्नाच्या वयाची. "नाव झालं तर पोरींना कोण करून घेईल?" भीती खोटी नाही. पण मायनरचं लग्न मायनर नसलेल्याशी झालं तर मेजर बाळ होत नाही, आणि रिपोर्ट गावाला दाखवावा लागत नाही. तो दोन घरांपुरता राहतो. शेवटी आजीनेच फोन लावले. पहिल्या खेपेला चौघं आली, तिघी मुली आणि एक मुलगा, ज्याची सुपारी तुळशीच्या लग्नानंतर फुटायची होती. तो मायनर निघाला. मुलीकडच्यांना ही गोष्ट कोणी सांगायची, यावर पुढची अख्खी भेट गेली.