आई, माझ्यासारख्यानं बाराबंदी घातलेली चालेल का गं?

प्रश्न : ताई, मी जुळे सोलापुरात राहते, वय ५४. आमच्या घरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचं फार आहे, मिस्टर आणि मुलगा दोघं दरवर्षी नंदीध्वजासोबत चालतात. दिवाळीत मुलानं मला सांगितलं की तो गे आहे, पुण्यात त्याचा मित्र आहे. मी रडले पण त्याला वेडंवाकडं बोलले नाही. संक्रांतीच्या आधी त्याची यात्रेत घालायची पांढरी बाराबंदी धुऊन इस्त्री करून ठेवली तर तो हात न लावता म्हणतो, आई, माझ्यासारख्यानं ही घातलेली चालेल का गं. तेव्हापासून मला झोप नाही. जाऊबाई म्हणतात एका डॉक्टरकडे न्या, बरा होतो. मुलगा म्हणतो सिनेमे बघ म्हणजे कळेल, दोन-तीन बघितले तर सगळ्यांत धर्म म्हणजे व्हिलन. मला देवही सोडायचा नाही आणि मुलगाही. असा एखादा सिनेमा आहे का? – एक आई

उत्तर : काकू, आधी जाऊबाईंचं बोलू कारण त्याला उशीर करून चालणार नाही. न्यायचं नाही. कुठंच नाही. हा आजार नाही म्हणून त्यावर औषध नाही, आणि "बरं करतो" म्हणणाऱ्या डॉक्टरांचं हे वागणं गैरवर्तन धरलं जाईल असं नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्येच राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलंय. घरात कायद्याचं कुणी काढलं तर ६ सप्टेंबर २०१८ ही तारीख लक्षात ठेवा, त्या दिवशी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दोन सज्ञान माणसांचं त्यांच्या मर्जीनं असलेलं नातं हा गुन्हा नाही. लग्नाचा हक्क मात्र कोर्टानं २०२३ मध्ये दिला नाही, तेही तुम्हाला माहीत असू द्या.

याच विषयावर 'बॉय इरेज्ड' (२०१८) नावाचा इंग्लिश सिनेमा आहे, गॅरार्ड कॉन्ली या लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यावरचा. बाप चर्चमध्ये प्रवचन देणारा, पोरगा १९-२० चा, त्याला "सुधारायला" एका केंद्रात घालतात. आई त्याच्यासोबत जाते, दिवसभर तो केंद्रात आणि रात्री दोघं हॉटेलवर. सुरुवातीला तीपण गप्पच असते, नवऱ्यानं ठरवलंय ना मग बरोबरच असेल असं धरून चालते, आणि एक दिवस पोराचा फोन येतो तेव्हा हीच गप्प बाई गाडी घेऊन दारात उभी राहते आणि त्याला तिथून बाहेर काढते. ती देव सोडत नाही काकू, शेवटपर्यंत नाही. फक्त पोराला परत तिथं पाठवत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. धर्म व्हिलन वाटतो कारण बऱ्याच सिनेमांत तो बाहेरून दाखवतात, म्हणजे ओरडणारा पाद्री नाहीतर मोर्चा, आणि समोर दोन प्रेमी. पण तुमच्या मुलाचं तसं कुठंय? त्याला यात्रेतून बाहेर पडायचं नाहीये, आपण अजून आत आहोत ना एवढंच तो विचारतोय. माझ्या मते या विषयावरचे चांगले सिनेमे तेच, ज्यात तो माणूस स्वतः श्रद्धाळू असतो आणि भांडण त्याच्या छातीत चालू असतं.

मल्याळममधला 'काथल' (२०२३) बघाच, सबटायटल्स असले तरी बघा. मामूटी आहे. केरळमधलं चर्चला जाणारं घर, साधा अबोल मॅथ्यू, पंचायतीच्या पोटनिवडणुकीला उभा राहतो आणि त्याच वेळी २० वर्षं संसार केलेली बायको ओमना घटस्फोट मागते, कारण तो गे आहे. ती ना शिव्या देते ना तमाशा करते. मॅथ्यूच्या बापाला सगळं आधीपासून माहीत होतं आणि तरी लग्न केलं की होईल नीट म्हणून त्यानंच लग्न लावून दिलेलं. जेवणाच्या टेबलावर बाप-लेक समोरासमोर बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत, ते बघताना माझा घास अडकला होता. काकू, उद्या कुणी स्थळ आणलं की हे घर आठवा. त्यात एका पोरीचीही २० वर्षं जातात.

आणि आपल्या मराठीतला 'साबर बोंडं'. रोहन कानवडे यांचा, २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात मोठं ज्युरी पारितोषिक मिळालेला. वडील गेले म्हणून मुंबईचा आनंद गावाकडं येतो, दहा दिवसांचं सुतक, हे खायचं नाही, ते घालायचं नाही, आणि येणारा-जाणारा प्रत्येक नातेवाईक लग्न कधी करतोस म्हणून मागं लागलेला. त्यात लहानपणीचा मित्र बाळ्या परत भेटतो. मला यातलं फार आवडलं ते हे की सुतकाची कुठंच टर उडवलेली नाही. त्याच दहा दिवसांत, त्याच नियमांच्या आत, दोघांना एकमेकांजवळ बसायला जागा सापडते. आणि आनंदच्या आईला माहीत असतं, ती त्याच्या बाजूनं उभी असते. हा सिनेमा मुलासोबत बघा, वेगळा नको. मिस्टरांना लगेच नको, आधी मुलाला विचारा, कारण सांगायचं कधी ते त्यानं ठरवायचं.

बाराबंदीचं म्हणाल तर घालू दे. मी याच गावची आहे, लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून सम्मती कट्ट्यावरच्या अक्षता टाकल्यात, एकदा केसांतले तांदूळ आई रात्रीपर्यंत काढत होती. ज्या कुंभारकन्येला सिद्धेश्वरांशी लग्न करायचं होतं, तिला त्यांनी हाकललं नाही, आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं असं आपण ऐकत आलो आणि अजूनही लाखो माणसं त्या लग्नाला अक्षता टाकतात. मी त्याचा ओढूनताणून अर्थ लावत नाही, पण भक्ती घेऊन आलेल्याला तिथनं परत पाठवलं असं त्या गोष्टीत कुठंच नाही. इस्त्री केलेली बाराबंदी कपाटात ठेवू नका, त्याच्या खोलीत टांगा. विचारलं तर म्हणा, तुझीच आहे.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, कॉलेजला आहे. 'फायर'वरून एवढा राडा झाला तो फक्त सीता-राधा या नावांवरून होता का?

उत्तर : नावं निमित्त होती, नुसती नावं नाही. दीपा मेहतांचा, राधा-सीता या दोन जावांच्या प्रेमावरचा सिनेमा १९९६ चा, आपल्याकडं नोव्हेंबर १९९८ मध्ये सेन्सॉरनं एकही कट न देता लागला, हिंदीत सीताचं नीता मात्र झालं. डिसेंबरात मुंबईत शिवसैनिकांनी थिएटरं फोडली, लोण दिल्लीपर्यंत गेलं, सिनेमा परत सेन्सॉरकडं पाठवला आणि १९९९ मध्ये पुन्हा कट न देता पास झाला. पण तू सिनेमा बघ म्हणजे कळेल कुठं झोंबलं ते. राधाचा नवरा एका स्वामीच्या नादानं १३ वर्षं ब्रह्मचर्य पाळतो आणि आपला संयम तपासायला बायकोला शेजारी झोपवून घेतो, तिला काय वाटतं हे एकदाही विचारत नाही. शेवटी राधाच्या साडीला स्वयंपाकघरात आग लागते, तो म्हाताऱ्या आईला उचलून बाहेर नेतो आणि राधाकडं पाठ करतो. अग्निपरीक्षा, घरातल्या गॅसवर. त्यातून वाचून राधा येते ती पावसात, एका दर्ग्यात, जिथं सीता वाट बघत बसलीय. म्हणजे दोघींना शेवटी आसरा मिळतो तोही देवाच्याच दारात, आणि तोडफोडीच्या बातम्यांत या शेवटाबद्दल कुणी बोललंच नाही.