आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदव्युत्तर संस्था भावी राजकीय नेते कसे घडवतात?

निवडणूक जिंकायला त्या शिकवत नाहीत. सत्ता हाती आल्यावर जे लागतं, त्याची तयारी मात्र कसून करून घेतात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो वाटाघाटींचा सराव. आपल्याला न पटणाऱ्या देशाची बाजू वाट्याला येते आणि मसुद्यातल्या एकेका शब्दासाठी तासन्‌तास झगडावं लागतं. समोरच्याची अडचण तेव्हाच खरी कळते. अर्थशास्त्र, आंतरराष्ट्रीय कायदा, परकी भाषा हे असतंच. शिवाय वर्गात अनेक देशांचे विद्यार्थी असतात, काही तर नोकरीतले मुत्सद्दी. या ओळखी पुढे फार कामी येतात. जिनिव्हात १९२७ साली स्थापन झालेल्या अशाच संस्थेत १९६१-६२ मध्ये कोफी अन्नान शिकले. पुढे १९९७ ते २००६ ते संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस होते.