बंड्याची शुगर आणि तुमचा फॉर्म

प्रश्न : मी ४९ वर्षांची, ठाण्यात आईबरोबर (वय ७४) राहते. खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, हातात ५२,००० येतात. घरखर्च ३८,०००, एसआयपी ८,०००, सराफाच्या सुवर्ण योजनेत ३,०००. एफडी २,४०,०००ची, बाकी शिल्लक नाही. आमचा बोका बंड्या नऊ वर्षांचा आहे, नसबंदी झालेला, वजन सात किलो. गेल्या महिन्यात त्याला डायबेटिस निघाला. आमच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू करा म्हणून सांगितलंय. दुसऱ्या एका क्लिनिकने तीन वर्षांचं ‘डायबेटिस केअर पॅकेज’ सुचवलंय, ९०,००० एकरकमी. त्यात दरमहा शुगर तपासणी, डायबेटिक ड्राय फूड आणि सहा महिन्यांत इन्सुलिन बंद होण्याची हमी. इन्सुलिन-सुया वेगळ्या. हे पैसे आयकरातून वजा होतात असंही ते म्हणाले. एफडी मोडून पॅकेज घेऊ की बंड्याचा विमा काढू? विमा काढताना त्याची शुगर सांगावीच लागते का? माझी ५ लाखांची पॉलिसी दोन वर्षांपूर्वी काढली तेव्हा एजंटने माझी शुगर लिहिली नव्हती, म्हणून हप्ता १४,०००च बसला. (ऑफिसची ग्रुप पॉलिसी ३ लाखांची आहे.) मी चार वर्षं मेटफॉर्मिन घेते. त्यातलीच अर्धी गोळी बंड्याला चालेल का?

उत्तर : ताई, शेवटून सुरुवात करतो. गोळी देऊ नका. मेटफॉर्मिनचा मांजरांना फारसा उपयोग होत नाही आणि त्या प्रयोगात जो महिना जाईल तो या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महाग महिना असेल. आयकरात आरोग्यविम्याची वजावट मिळते ती स्वतः, जोडीदार, मुलं आणि आई-वडील यांच्यासाठी. बोका त्यात बसत नाही. पैसे आयकरातून वजा होतात असं ज्या माणसाने तुम्हाला सांगितलं त्याच्या पॅकेजमधली बाकीची वाक्यंही याच भावात धरा.

पाळीव प्राण्यांच्या विम्यात आधीपासून असलेला आजार वगळलेला असतो, म्हणजे बंड्याच्या डायबेटिसला त्याचा उपयोग नाही. शुगर लपवून काढलात तर हप्ताही जाईल आणि क्लेमही. या वाक्यावर पुढे परत यायचं आहे, कारण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तिथे आहे आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही.

आधी पॅकेज. ९०,००० भागिले ३६ म्हणजे महिना २,५००. स्वस्त वाटतं. पण यात नक्की काय मिळतं ते बघा.

मांजराचा डायबेटिस बहुतेक वेळा माणसाच्या टाइप टूसारखा असतो. वाढलेलं वजन, घरात बसून राहणं, उतारवय, नसबंदी झालेला नर : बंड्या प्रत्येक रकान्यात बसतो. वाढलेली साखर स्वतःच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना दमवते. ती लवकर आणि नीट खाली आणली तर त्या पेशी पुन्हा कामाला लागू शकतात आणि काही मांजरांचं इन्सुलिन खरोखरच बंद होतं. त्यासाठी सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने इन्सुलिन, घरी मोजमाप आणि कमी पिष्टाचं खाणं. म्हणजे खर्चाचा जोर पहिल्या पाच-सहा महिन्यांत हवा आणि तो नेमका इन्सुलिनवर आणि मोजमापावर हवा. पॅकेज पैसे आज घेतं, सेवा तीन वर्षं सारखी पसरतं आणि इन्सुलिन वगळतं.

दरमहा क्लिनिकमधल्या तपासणीचंही तसंच. पिशवीत कोंबून रिक्षाने नेलेल्या मांजराची साखर निव्वळ भीतीनेही वाढते. त्या एका आकड्यावर डोस ठरवणं धोक्याचं. कानाच्या कडेला सुई टोचून घरी घेतलेलं रीडिंग जास्त कामाचं, आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी हवी असेल तर फ्रुक्टोसामीन ही रक्ततपासणी मधूनमधून पुरते.

आता ड्राय फूड. मांजर पक्कं मांसाहारी. उंदरा-पाखरांतून त्याला पिष्ट जवळजवळ मिळतच नाही. कोरडे दाणे बनवायलाच पिष्ट लागतं, त्याशिवाय ते घट्ट होत नाहीत. पाकिटावर प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा छापतात. पिष्टाचा आकडा बहुतेकदा नसतो, तो आपण काढायचा. समजा प्रथिनं ३०, चरबी १०, ओलावा १०, तंतू ४, आणि खनिजांचे ८ धरा. बेरीज ६२. उरलेले ३८ पिष्ट. ओलाव्याचे १० सोडले तर ९० पैकी ३८, म्हणजे ४० टक्क्यांच्या वर. ओल्या खाण्याच्या पाउचमध्ये प्रथिनं १०, चरबी ४, ओलावा ८०, तंतू १, खनिजं २ : उरले ३. कोरड्या वीस भागांत तीन, म्हणजे १५ टक्के. ‘डायबेटिक’ म्हणून विकले जाणारे काही दाणे साध्या दाण्यांपेक्षा बरे असतात, पण पॅकेजमधल्या पाकिटावर हे गणित तुम्ही स्वतः करा. अकाउंट्सला आहात, दोन मिनिटं लागतील.

मात्र खाणं बदलायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना सांगा. पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरज उतरते. डोस तोच ठेवला तर साखर धाडकन खाली येते : मांजर लडखडतं, झटके येतात. अशा वेळी हिरड्यांना मध चोळायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. आणि नवं खाणं आवडलं नाही म्हणून लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी भरते. तो वेगळाच मोठा खर्च. तेव्हा बदल हळूहळू. वजनही सावकाश, आठवड्याला एखादा टक्का, म्हणजे बंड्याच्या बाबतीत ७० ग्रॅम. घरचं उकडलेलं चिकन थोडं चालेल, पण नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम आणि टॉरिन (मांजराला खाण्यातून लागणारं पोषकद्रव्य) पुरेसं नाही.

महिन्याचा हिशोब गोल आकड्यांत. डोस दोन-दोन युनिट धरला तर महिन्याला १२० युनिट. ग्लार्जिन या इन्सुलिनच्या एका कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात, महिन्याला एक उघडली तरी ७००. सुया साठ, ६००. साखर मोजायच्या स्ट्रिप्स सुरुवातीला जास्त, १,२००. ओलं खाणं दिवसाला तीन पाउच, ४,०००. डॉक्टर आणि तपासण्या सरासरी ८००. झाले ७,३००. सध्या दाण्यांवर जे दीड-दोन हजार जातात ते वजा करा. नवा बोजा साडेपाच हजार. बंड्याचं इन्सुलिन सुटलं तर त्यातले अडीच हजार कमी होतील, खाण्याचा खर्च राहील. सुटलं नाही तर सगळंच राहील. सहा महिन्यांची हमी कुणीही देऊ शकत नाही, आणि सुटलेलं इन्सुलिन परत लागूही शकतं. बरं, हमी खरी ठरली तर तुम्ही उरलेल्या अडीच वर्षांच्या तपासण्यांचे पैसे आधीच भरलेले. बंड्या दुर्दैवाने त्याआधी गेला तरी भरलेले. दोन्हीकडून क्लिनिक जिंकतं. महिन्याच्या महिन्याला पैसे द्या.

सुयांबद्दल एक सूचना, कारण दहा रुपयांची सुई इथे चाळीस हजारांचं बिल करू शकते. आपल्याकडे मिलीलिटरला ४० आणि १०० युनिट अशा दोन ताकदींची इन्सुलिनं मिळतात आणि सिरिंजही दोन : लाल टोपीची ४०ची, नारिंगी १००ची. ग्लार्जिन १००चं आहे. ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दोनच्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात पाच युनिट जातात. अडीचपट. केमिस्ट ‘एकच असतं’ म्हणाला तर दुकान बदला.

पैसे कुठून? तुमच्याकडे महिन्याला ३,००० उरतात. सुवर्ण योजनेचे हप्ते संपले की ती पुन्हा सुरू करू नका, आणखी ३,००० सुटतील. तोवरची दरमहा अडीच हजारांची तूट एफडीच्या व्याजातून आणि एसआयपी दोन हजारांनी कमी करून भागेल. एफडी मोडायची नाही. ती तुमच्या सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे आणि तुमच्याकडे दुसरी गंगाजळी नाही. मोठी तपासणी किंवा भरती लागली तर ठाण्याहून परळचं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल लांब नाही. खासगी दवाखान्यापेक्षा बिल कमी येईल, वेळ जास्त जाईल.

आता ती पॉलिसी.

तुम्ही हे इतक्या सहज लिहिलंय की दोनदा वाचलं. पॉलिसीची फाइल काढा. मागे प्रपोजल फॉर्मची (विमा घेताना भरलेल्या अर्जाची) प्रत जोडलेली असते. ‘मधुमेह आहे का’ या ओळीसमोर ‘नाही’ असेल आणि खाली सही तुमची. एजंटची नाही. त्याचं कमिशन त्याला दोन वर्षांपूर्वीच मिळालं.

क्लेम कसा फसतो ते सांगतो. उद्या डेंग्यूने भरती झालात. कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारतो, कसली औषधं घेता? तुम्ही खरं सांगणार, सांगायलाच हवं. केसपेपरवर लिहिलं जातं ‘चार वर्षांपासून मधुमेह’. तोच कागद कॅशलेससाठी विमा कंपनीकडे जातो. पॉलिसी दोन वर्षांची, आजार चार वर्षांचा. कंपनीला यापुढे काही शोधावं लागत नाही. क्लेम नाकारला जाऊ शकतो, पॉलिसी रद्द होऊ शकते, भरलेले २८,००० जप्त होऊ शकतात. मग पन्नाशीला, मधुमेह असताना, एकदा पॉलिसी रद्द झालेली असताना नवी कोण देणार?

आणि हे कशासाठी? मधुमेह सांगितला असता तर हप्ता साधारण २०-२५ टक्के वाढला असता. तीन हजार, साडेतीन हजार. दोन वर्षांत वाचले सात हजार, धोक्यात पाच लाख. गंमत म्हणजे वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. तुमच्या १४,००० मधला कर काढला तर उरतात सुमारे ११,९००; त्यावर खरेपणाचे २०-२५ टक्के चढवले तरी हप्ता पुन्हा साडेचौदा हजारांच्या आसपासच येतो. खरं सांगितलं असतं तर आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षाही (तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, त्यातली दोन आज संपलेली असती.

एजंटला फोन केलात तर तो म्हणेल, ‘पाच वर्षं होऊ द्या मॅडम, मग कंपनी विचारूच शकत नाही.’ नियम अर्धा खरा आहे. सलग साठ महिने झाल्यावर माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही (२०२४पर्यंत ही मुदत आठ वर्षांची होती), पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. शिवाय तुमची अजून तीन वर्षं बाकी आहेत आणि या तीन वर्षांत आजारी पडायचं नाही असं काही तुमच्या हातात नाही.

काय करायचं? कंपनीला स्वतः ईमेल करा, एजंटमार्फत नको. मधुमेह कधी निघाला, कोणती गोळी, किती, ताजा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट जोडलेला, आणि ‘प्रस्तावात ही माहिती द्यायची राहिली, नोंद करून घ्यावी’. कंपनी हप्ता वाढवेल, नवी प्रतीक्षा लावेल किंवा पॉलिसी रद्द करेल. तिसरं झालं तरी ते आज, धडधाकट असताना, ऑफिसचे ३ लाख पाठीशी असताना झालेलं बरं. मधुमेहींसाठी वेगळ्या पॉलिस्या आहेत, महाग आहेत. दोन ठिकाणची कोटेशन्स ईमेल पाठवायच्या आधीच मागवून ठेवा, फॉर्म मात्र स्वतःच्या हाताने भरा. आणि नोकरी सोडताना ग्रुप पॉलिसी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत नेता येते का हे एचआरला विचारा.

आईंचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं ५ लाखांचं कार्ड मिळतं. आधार घेऊन एका रविवारी ते काढून टाका.

राहिलं एक. तुम्ही चार दिवस दवाखान्यात असलात तर सकाळ-संध्याकाळ बंड्याला इन्सुलिन कोण देणार? आईंना १०० युनिटच्या सिरिंजवरच्या रेषा दिसणार नाहीत. शेजारच्या कुणाला तरी या महिन्यातच शिकवा, आणि सिरिंजचं एक पाकीट, डोसची चिठ्ठी, डॉक्टरांचा नंबर फ्रीजवर लावून ठेवा.