कोंबड्यांवरून शेजारी नाराज असतील तर आधी काय करावं

सहा कोंबड्या, एक कोंबडा आणि भिंतीपलीकडच्या काकूंच्या चार तक्रारी: पहाटेचं आरवणं, वास, माश्या आणि आजाराची भीती. त्यांची समजूत कशी काढायची, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर इतक्यात समजूत काढायला जाऊच नका. या तक्रारी बहुतेक खऱ्या असणार, आणि त्यांचा इलाज खुराड्यातच आहे.

सुरुवात कोंबड्यापासून. अंड्यांसाठी तो लागत नाही. त्याच्यावाचूनही कोंबड्या तेवढीच अंडी घालतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. खुराडं काळ्या कापडानं झाका म्हणजे तो गप्प बसेल, असं कुणीतरी सांगेलच. त्यावर विसंबू नका. जपानमधल्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की कोंबडा उजेडाची वाट बघत नाही, अंगातल्या घड्याळाप्रमाणे उजाडण्याआधीच आरवतो. घरं खेटून असतील तर त्याला मोकळ्या जागेत राहणाऱ्या कुणाकडे तरी देऊन टाका. जीव लागलेला असतो, कळतं मला. पण रोज झोपमोड होणाऱ्या माणसाशी दुसऱ्या कशावरच धड बोलणं होत नाही. अंडं घातल्यावर कोंबड्याही ओरडतात, पण ते दिवसा आणि थोडाच वेळ.

वासाचं मूळ ओलीत आहे. ताज्या विष्ठेत ७०-७५ टक्के पाणी असतं. ती वाळली तर फारसा वास येत नाही. ओलीच राहिली की जंतूंमुळे अमोनिया सुटतो आणि तोच नाकाला झोंबतो. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चार बोटं जाड पसरा. अधूनमधून त्यातला मूठभर उचलून घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर भुरभुरला तर ठीक, गोळा तसाच राहिला तर तेवढा भाग लगेच बदला. ही परीक्षा पाण्याच्या भांड्याखाली आणि रात्री बसायच्या दांड्याखाली करा, कारण ओल हमखास तिथेच धरते. भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगलं की सांडणं बरंच कमी होतं. आणि हो, आपल्या नाकाला तो वास सवयीचा झालेला असतो. सकाळी घराबाहेर पडल्या पडल्या आधी काकूंच्या बाजूला जाऊन उभे राहा, मग खुराड्याकडे वळा.

ओल गेली की माश्याही कमी होतात. उन्हाळ्यात अंड्यापासून माशी तयार व्हायला ७ ते १० दिवस पुरतात, म्हणून दांड्याखालची घाण आठवड्यातून दोनदा काढा. ती सुक्या पाचोळ्यात मिसळून झाकून कुजवा; कच्ची झाडांना घातलीत तर मुळं जळतात.

उंदरांबद्दल काकू अजून काही बोललेल्या दिसत नाहीत, पण त्या बोलायच्या आत बंदोबस्त करा. खाद्य रात्री झाकणाच्या डब्यात ठेवा आणि खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. नेहमीच्या मोठ्या भोकांच्या जाळीतून कोंबड्या बाहेर पडत नाहीत, उंदीर मात्र खुशाल आत येतात. त्यांच्या मागावर साप येतो.

आजाराची भीती उडवून लावू नका. बर्ड फ्लू रानपक्ष्यांकडून, विशेषतः पाणपक्ष्यांकडून पसरतो. खाद्य-पाणी छपराखाली ठेवा, खुराड्यात जायची चप्पल वेगळी ठेवा. कोंबड्या अचानक पटापट मेल्या तर उघड्या हातांनी न उचलता पशुवैद्याला कळवा.

एवढं झालं, आणि तुमच्या भागातले कोंबड्या पाळण्याचे नियम तपासून झाले, की काकूंकडे जा. अंडी जरूर न्या. तक्रार तशीच ठेवून नेली असती तर ती लाच वाटली असती. वास नेमका कोणत्या वेळी, कोणत्या खिडकीतून येतो, ते विचारा. खुराडं बघायला बोलवा. घरातली मुलं सोबत आली तर त्यांना कोंबडी हातात घेऊ द्या, आणि साबण-पाणी खुराड्याच्या दाराशीच ठेवा.